‘अर्धसत्य’ अजून जुना का वाटत नाही? पोलिसी भ्रष्टाचाराच्या कथांविषयी

निशिगंध (प्रश्न)

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ १९८३ साली प्रदर्शित झाला. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिलीप चित्रे यांची कविता या हिंदी चित्रपटाच्या मुळाशी आहे. नुकताच तो पुन्हा पाहिला. त्यातली मुंबई आता उरलेली नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि तबकडीचे दूरध्वनी अडगळीत गेले. तरीही ती कथा मला कुठेही शिळी वाटली नाही. त्याच दशकातले, सज्जन इन्स्पेक्टर आणि सोन्याचा तस्कर यांच्या झटापटीवर बेतलेले कितीतरी चित्रपट आज दहा मिनिटेही पाहवत नाहीत.

हे केवळ एका चित्रपटाचे वैशिष्ट्य असावे असेही वाटत नाही. बीबीसीच्या ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या मालिकेची २०१२ ते २०२१ या काळात सहा पर्वे झाली आणि शेवटच्या भागाला ब्रिटनमध्ये सव्वा कोटीच्या आसपास प्रेक्षक मिळाले. तिचा विषय पोलीस दलातील भ्रष्ट अधिकाऱ्यांचा शोध एवढाच आहे.

या ओढीची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. रोज जे सोसावे लागते ते पडद्यावर उघड झालेले पाहून माणसाला समाधान मिळते, हे एक, आणि वर्दीतल्या माणसाने केलेला गुन्हा अधिक सनसनाटी असतो, हे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात. अनुभवाची ओळख एवढेच कारण असते, तर तलाठी कार्यालय, आरटीओ किंवा बांधकाम खात्यातल्या लाचखोरीच्या कथाही इतक्याच खिळवून ठेवत्या, कारण सामान्य माणसाचा संबंध पोलीस ठाण्यापेक्षा तिथे अधिक येतो. मग पोलिसांच्याच बाबतीत असे कोणते वेगळेपण आहे, की चाळीस वर्षांनीही त्या कथेची धार जात नाही?

काळा कोट

फौजदारी न्यायालयात वकिली करत असल्यामुळे उत्तराची एक बाजू मला रोज दिसते. इतर कार्यालयांत पैसे दिले की काम होते, किंवा लवकर होते. पोलीस ठाण्यात पैसा किंवा वशिला पुष्कळदा काम न होण्यासाठी वापरला जातो. गुन्हा दाखल होऊ नये, दखलपात्र प्रकार अदखलपात्र म्हणून नोंदवावा, पंचनाम्यात एखादी वस्तू येऊ नये, साक्षीदाराचा जबाब थोडा सैल लिहिला जावा, अशा ‘न होण्या’ला तिथे किंमत असते. फिर्याद, स्टेशन डायरी, अटक पंचनामा यांतल्या प्रत्येक कागदाची एक लिहिलेली बाजू असते आणि एक घडलेली. नाटककाराला याहून चांगला ऐवज कुठे मिळणार? प्रेक्षकाने घडलेले पाहिलेले असते आणि ते कागदावर कसे उतरते याकडे त्याचे डोळे लागलेले असतात.

दुसरी गोष्ट बळाची. तलाठी सात-बारा अडवून ठेवू शकतो, पण माणसाला उचलून कोठडीत बसवू शकत नाही. राज्याने ज्याला मारण्याची, बांधण्याची आणि डांबण्याची कायदेशीर मुभा दिलेली आहे असा, आपल्या रोजच्या गल्लीत दिसणारा माणूस पोलीसच आहे. त्यामुळे त्याचे घसरणे आपल्या अंगावर येते.

मात्र तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीताकडे लक्ष वेधावेसे वाटते. चित्रपटाचा नायक, सब-इन्स्पेक्टर वेलणकर, भ्रष्ट आहे असे आपण सहज म्हणून जातो, पण तो संपूर्ण चित्रपटात कोणाकडूनही पैसा घेत नाही. त्याने ज्यांना झोडपले ते गुंड आमदाराची माणसे निघतात, निलंबनाची तलवार डोक्यावर येते, आणि इन्स्पेक्टर हैदर अली त्याला वरपर्यंत ओळखी असलेल्या देसाई नावाच्या मध्यस्थाची वाट दाखवतो. प्रकरण मिटते. वेलणकरची पहिली तडजोड ही एवढीच आहे, आणि त्या क्षणी प्रेक्षकही मनोमन म्हणतो की बरे झाले, चांगला अधिकारी वाचला. पुढे रामा शेट्टी या बड्या गुंडाला पकडायला गेलेल्या वेलणकरला एका दूरध्वनीवर हात हलवत परत यावे लागते, दरोडेखोराला पकडल्याचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पदरात पडते, दारू वाढते आणि एका भुरट्या चोराला तो कोठडीत मार मारून ठार करतो. यातली कोणतीही पायरी अचानक येत नाही. प्रत्येक पायरीवर आपण त्याच्या बाजूने उभे असतो, आणि प्रेत समोर आल्यावर आपण कशाला होकार देत आलो ते उमगते. माझ्या मते धार न जाण्याचे कारण तिथे आहे. हातात पैशाचे पाकीट घेतलेला पोलीस दाखवला असता, तर आपल्याला त्याच्यापासून सुरक्षित अंतर राखता आले असते.

पेठकर

काळा कोट यांचे विवेचन पटले, परंतु पोलिसाच्या मनातल्या घसरणीवरच थांबले तर तेंडुलकरांचे अर्धेच म्हणणे हाती लागते. ‘अर्धसत्य’च्या अकरा वर्षे आधी त्यांनी याच विषयावर एक नाटक लिहिले होते, आणि ते आपण पोलीसकथा म्हणून वाचत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे होते, संगीत भास्कर चंदावरकरांचे. कोतवाल म्हणजे शहराचा पोलीस प्रमुखच. पेशवाईतल्या पुण्यात रात्रीच्या गस्तीपासून बाजारातल्या तंट्यांपर्यंत अनेक बाबी त्याच्या हाताखाली येत.

इतिहासातला घाशीराम सावळदास १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांना पकडून एका अपुऱ्या जागेत कोंडले, त्यांतले कित्येक गुदमरून मेले, शहर खवळले आणि घाशीरामाला लोकांच्या हवाली करण्यात आले. दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर कोठडीतील मृत्यूचे हे प्रकरण होते. या माणसावर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच एक पुस्तक लिहिले होते. म्हणजे ज्या आकर्षणाची आपण चर्चा करत आहोत ते मराठीत तरी दूरचित्रवाणीच्या फार आधीपासूनचे आहे.

तेंडुलकरांचे नाटक इतिहास सांगण्याचा दावा करत नाही. त्यांनी केले ते असे की, कोतवालाकडे पाहता पाहता प्रेक्षकाची नजर कोतवाली देणाऱ्याकडे वळवली. कनोजहून आलेला घाशीराम पुण्यात अपमानित होतो, चोरीचा आळ येऊन हाकलला जातो, आणि सूडासाठी स्वतःची मुलगी नाना फडणवीसांना देऊन कोतवाली मिळवतो. नानांना त्याचा उपयोग आहे. त्याने केलेल्या जुलमाचा दोष त्याच्याच खात्यावर जमा होणार आहे. पुढे लोक चवताळतात तेव्हा त्याला मृत्यूच्या हवाली करणारा हुकूमही नानांचाच असतो, आणि त्यानंतरही नाना आपल्या जागी सुखरूप राहतात. नाटक आले तेव्हा उठलेल्या आक्षेपांचा मुख्य रोख नाना आणि पुण्याचे ब्राह्मण यांच्या चित्रणावर होता, मूळ संस्थेने काही प्रयोगांनंतर ते थांबवले, आणि कलावंतांना थिएटर अकॅडमी स्थापून ते पुन्हा उभे करावे लागले. नाटकाने नेमके कुठे बोट ठेवले होते ते यावरून कळते.

तेव्हा निशिगंध यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, पोलिसी भ्रष्टाचाराची चांगली कथा पोलिसापाशी थांबू शकत नाही. तलाठ्याची लाच तहसीलदारापर्यंत पोचेल, फार तर त्याच्या वर. पोलिसाच्या मागे मात्र सत्ता उभी असते, कारण सत्तेला रोजच्या रोज ज्याची गरज भासते असा तो हात आहे. वेलणकरच्या पुढ्यातला दूरध्वनी ज्या ठिकाणाहून येतो ते ठिकाण आणि नानांचा वाडा यांत मला फारसे अंतर दिसत नाही. प्रेक्षकाला हे ठाऊक असते आणि म्हणूनच घाशीराम मेल्यावर त्याला सुटल्यासारखे वाटत नाही.

हडसनतीर

मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. इथल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की हटकून फ्रँक सर्पिको यांचे नाव येते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सर्पिको १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस दलात दाखल झाले. साध्या वेशातल्या पथकात गेल्यावर जुगाराच्या अड्ड्यांकडून येणारा हप्ता त्यांनी नाकारला आणि डेव्हिड डर्क या सहकाऱ्याबरोबर वरिष्ठांकडे, मग महापौरांच्या कार्यालयाकडे तक्रारी केल्या. कोणीही हालचाल केली नाही. शेवटी २५ एप्रिल १९७० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर डेव्हिड बर्नहॅम यांची बातमी आली, आणि महापौर जॉन लिंडसे यांना व्हिटमन नॅप यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. ३ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रुकलिनमधल्या एका छाप्यात सर्पिकोंच्या चेहऱ्यावर गोळी झाडली गेली, त्यातून ते वाचले, आणि त्याच वर्षी त्यांनी आयोगापुढे जाहीर साक्ष दिली. १९७३ मध्ये सिडनी लुमेट यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

नॅप आयोगाच्या अहवालात मला सर्वांत भयंकर वाटला तो हप्त्याचा हिशेब. साध्या वेशातल्या पथकातल्या प्रत्येकाचा महिन्याचा वाटा मध्य मॅनहॅटनमध्ये तीनशे-चारशे डॉलर, तर हार्लेममध्ये पंधराशे डॉलरपर्यंत होता. वरिष्ठ वाट्यात सहभागी असेल तर त्याला दीडपट मिळे. नव्याने आलेल्या माणसाची विश्वासार्हता पारखून होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, त्याला वाटा मिळत नसे, पण बदली होऊन जाताना त्या दोन महिन्यांची भरपाई त्याला चुकती केली जाई. बेकायदा पैशाच्या वाटपात इतका चोख न्याय होता. आयोगाने पोलिसांचे दोन प्रकारही केले होते: समोर आलेले निमूट खाणारे ‘गवतखाऊ’ आणि शिकार शोधत फिरणारे ‘मांसखाऊ’. आयोगाचा निष्कर्ष असा की खरी अडचण पहिल्या प्रकाराची आहे. ते संख्येने पुष्कळ असतात, त्यांच्यामुळे पैसे घेणे ही दलातली साधी रीत होऊन बसते, आणि प्रामाणिक माणूस गप्प राहायला शिकतो.

पेठकर सत्तेकडे बोट दाखवतात ते योग्यच आहे, परंतु ही कथा अर्धी आडवीही पसरलेली असते. सर्पिकोंना खरी भीती गुंडांची नव्हती. शेजारी उभा असलेला सहकारी संकटात मदतीला येईल की नाही, ही भीती होती. पोलिसाचा जीव सहकाऱ्याच्या भरवशावर असतो, आणि म्हणून तिथे गप्प बसणे ही निष्ठा ठरते, बोलणे ही फितुरी. बांधकाम खात्यातला अभियंता लाच नाकारतो तेव्हा त्याची बढती अडकेल, पण पुढच्या दाराआडून येणाऱ्या गोळीचा प्रश्न त्याच्यापुढे नसतो.

आणि धार न जाण्याचे एक अगदी साधे कारणही आहे: प्रकरणे संपत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १८९४ मध्ये लेक्सो समितीने पोलिसांची चौकशी केली, नॅप आयोगाचा अहवाल १९७२ चा, त्यानंतर पुन्हा मॉलन आयोग, त्याचा अहवाल १९९४ चा. सुधारणा झाल्याच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण मॉलन आयोगापुढे आलेले पोलीस तर अमली पदार्थांच्या धंद्यात स्वतःच उतरले होते. हाँगकाँगमध्ये पीटर गॉडबर हा पोलीस अधिकारी १९७३ मध्ये बेहिशेबी मालमत्तेची चौकशी चालू असताना पळून गेला, त्यातून जनक्षोभ उसळला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापन झाला. १९७७ मध्ये पोलिसांनीच त्या आयोगाच्या कचेरीवर चाल केली, आणि सरकारला जुन्या गुन्ह्यांपैकी बऱ्याचशा गुन्ह्यांना माफी द्यावी लागली. हा आयोग आपल्या प्रकरणांवर आधारलेल्या नाट्यमालिका गेली कित्येक दशके स्वतः काढत आला आहे. नागरिकाने तक्रार करायला पुढे यावे यासाठी कथा लागते, हे त्यांनी फार लवकर ओळखले.

पोलीस लाइन

माझे वडील हवालदार होते आणि माझे बालपण पोलीस लाइनीत गेले. वरच्या तिन्ही उत्तरांतून पुष्कळ शिकायला मिळाले, तरी एक गोष्ट कोणीच बोलले नाही म्हणून लिहिते. या कथा बहुधा अधिकाऱ्यांच्या असतात. शिपाई आणि हवालदार त्यांत दार उघडतात, चहा आणतात, सलाम ठोकतात. प्रत्यक्षात ठाण्याचे बहुतेक काम त्यांच्याच अंगावर असते आणि ‘भ्रष्ट पोलीस’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे चौकातला तोच येतो.

‘अर्धसत्य’च्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९८२ मध्ये, मुंबईच्या पोलीस शिपायांनी उठाव केला होता. गिरणी संप जानेवारीपासून चालू होता आणि त्याच शहरात बंदोबस्ताला उभे राहणारे शिपाई स्वतःच रस्त्यावर आले. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढली, लष्कराला पाचारण केले, कित्येकांना अटक झाली, कित्येकांची नोकरी गेली. घराची तंगी, ठरलेल्या तासांचा पत्ता नसलेली ड्यूटी, साहेबाच्या घरची कामे, या तक्रारी आमच्या लाइनीत प्रत्येक घरात बोलल्या जात. त्या अजूनही पुष्कळ अंशी तशाच आहेत. ज्याला खात्यात कोणी माणूस म्हणून वागवत नाही, तो ठाण्यात आलेल्या फिर्यादीला माणूस म्हणून कसा वागवेल, हा प्रश्न या कथांनी विचारायला हवा. हप्त्याचे समर्थन मी करत नाही. वडिलांनी तो कधी घेतला नाही आणि त्याची किंमत बदल्यांच्या रूपाने आम्ही सर्वांनी मोजली.

‘अर्धसत्य’ला याचे श्रेय मात्र द्यायला हवे की त्यात वेलणकरचे वडील निवृत्त पोलीस आहेत, आणि अमरीश पुरींनी उभा केलेला तो बाप घरात बायकोला मारणारा आहे. मुलाला पुढे शिकायचे असताना तोच त्याला पोलिसात ढकलतो. कोठडीतला हात घरात घडलेला आहे, हे मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात इतके स्पष्ट पाहिलेले नाही. म्हणूनच शेवटी वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, याचे मला वाईट वाटते. ज्या हाताने त्या भुरट्या चोराला मारले, तोच हात तिथे आहे. चकमकीत माणसे मारणाऱ्या पोलिसाला नायक करणाऱ्या चित्रपटांची पुढे जी रांग लागली, तिचे बीज या टाळ्यांमध्येच आहे असे मला वाटते. निशिगंध, या कथांच्या आकर्षणात हाही एक भाग आहे, आणि तो लपवून चालणार नाही.

निशिगंध

सर्वांची उत्तरे दोनदा वाचली. पोलीस लाइन यांच्या शेवटच्या मुद्द्याने मी अस्वस्थ झालो, कारण त्या दृश्याला मलाही बरे वाटले होते. त्यावरून एक फरक ध्यानात आला. सर्पिकोंची कथा साक्षीकडे जाते आणि ‘लाइन ऑफ ड्यूटी’त तर टेबलाच्या दोन बाजूंना बसून चाललेली लांबलचक चौकशी हाच उत्कंठेचा कळस असतो. घाशीरामाचा शेवट दगडांनी होतो, रामा शेट्टीचा गळा आवळून. आपल्या कथांत चौकशीचे टेबल का येत नाही? काळा कोट यांनी यावर लिहावे.

काळा कोट

१९८३ मध्ये ते टेबल जवळपास नव्हतेच, हे पहिले उत्तर. वेलणकरच्या हातून मेलेल्या चोराच्या नातेवाइकांनी जायचे कुठे? अटकेचा कागद करणे, नातेवाइकांना कळवणे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करणे ही बंधने सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात घातली ती १९९६ मध्ये. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करावी ही दुरुस्ती २००५ ची. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र प्राधिकरण असावे हा आदेश प्रकाश सिंग प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी आला, आणि महाराष्ट्राने त्यासाठी आपल्या पोलीस कायद्यात बदल केला २०१४ मध्ये. म्हणजे चित्रपटाच्या शेवटी वेलणकर शरण आला त्यानंतर एकतीस वर्षांनी.

दुसरे उत्तर लेखकांच्या बाजूचे आहे. ज्या यंत्रणेवर प्रेक्षकाचा विश्वास बसलेला नाही तिच्यापुढे कथेचा कळस नेऊन ठेवला तर तो खोटा वाटेल, अशी भीती लेखकाला असणार. ती रास्त आहे. पण कोठडीत मुलगा गमावलेल्या आईचा जबाब नोंदवला जात असताना न्यायालयात काय घडते ते मी पाहिले आहे. पोलीस डायरीतली वेळ आणि रुग्णालयाच्या नोंदीतली वेळ शेजारी शेजारी ठेवून एकेक प्रश्न विचारला जातो, समोरचा अधिकारी पाणी मागतो, आणि मागच्या बाकावर बसलेल्या शिपायाला खरे काय ते माहीत असते. त्या शिपायाला साक्षीला बोलावले तर तो काय सांगेल, यावर अजून कोणी मराठीत नाटक लिहिलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. पोलीस लाइन यांनी ते लिहायला घ्यावे. न्यायालयातल्या कामकाजाचा भाग तपासून देण्याची माझी तयारी आहे.